लुईजी गॅल्व्हानी

घरावर घालावयाच्या जस्ताचा लेप दिलेल्या पत्र्यांस बाजारात गॅल्व्हनाइज्ड पत्रे म्हणतात, आणि विजेचा प्रवाह सुरू होताच ज्या यंत्राचा काटा थरथरू लागतो त्यास विज्ञानशाळेत गॅल्व्हानोमीटर म्हणतात, हे आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहेच. ह्या दोन्ही शब्दांत ज्या माणसाचे नाव दडलेले आहे त्याने पत्र्यास जस्त कधी लाविले नाही, आणि ते यंत्रही त्याच्या हयातीत निर्माण झालेले नव्हते. तो पेशाने वैद्य व शरीरशास्त्राचा अध्यापक होता, आणि त्याच्या आयुष्यातील उत्तम वर्षे बेडकांच्या पायांवर प्रयोग करण्यात गेली. प्राण्यांच्या शरीरात स्वतःची अशी वीज आहे, हे त्याचे म्हणणे त्याच्या डोळ्यांदेखत पुष्कळ विद्वानांनी टाकाऊ ठरविले व त्याच्या पश्चात ते खरे ठरले. ही वीज राहते कोठे, ह्या प्रश्नाचे उत्तर तर विसाव्या शतकात मिळाले. तेव्हा ह्या अंकी आम्ही गॅल्व्हानीचे चरित्र वाचकांस सादर करितो, आणि ओघात त्या उत्तराचीही थोडी हकीकत सांगतो.

लुईजी गॅल्व्हानी ह्याचा जन्म इटली देशातील बोलोन्या शहरी ता. ९ सप्टेंबर १७३७ रोजी झाला. बोलोन्यावर त्या काळी रोमच्या पोपांची सत्ता होती. तेथील विद्यापीठ युरोपातील अतिशय जुन्या विद्यापीठांपैकी एक होय. लुईजीचे वडील सोनारकाम करीत. मुलगा स्वभावाने मितभाषी व धर्मशील होता, आणि तरुणपणी संसार सोडून मठात जावे असे त्याच्या मनात आले. परंतु घरच्या मंडळींनी त्याचे मन वळविले व त्यास विद्येच्या मार्गास लाविले. वैद्यक आणि तत्त्वज्ञान ह्या दोन्ही शाखांची पदवी त्याने १७५९ साली मिळविली. संन्यासाची ती ओढ मात्र पुरती नाहीशी झाली नाही. पुढे संसारी गृहस्थांकरिता संत फ्रान्सिसच्या पंथात जो तिसरा संघ असतो त्याचा तो सभासद झाला. गरीब रोग्यांकडून तो काही घेत नसे असे सांगतात.

१७६२ साली हाडांच्या रचनेवर प्रबंध लिहून त्याने अध्यापकाच्या जागेचा मार्ग मोकळा केला, आणि त्याच वर्षी शरीरशास्त्राचे प्रोफेसर गालेआत्सी ह्यांची कन्या लुचिया हिच्याशी त्याचा विवाह झाला. ही बाई विद्वानाच्या घरात वाढलेली होती. पतीच्या लिखाणावर ती नजर फिरवी, प्रयोगांत हातभार लावी. उभयतांस मूलबाळ झाले नाही. गॅल्व्हानीने घरीच प्रयोगशाळा मांडिली होती, त्यामुळे आपल्याकडील सुगरणीच्या हातून पोळपाट-लाटणे जसे सुटत नाही तसा त्या घरात चाकू, चिमटे व बेडूक ह्यांचा राबता अष्टौप्रहर असे. बोलोन्यात त्या वेळी आणखी एक आश्चर्य होते. लाउरा बास्सी नावाची विदुषी तेथे पदार्थविज्ञान शिकवीत असे व तिचा पती वेराती हा विजेच्या योगाने रोग बरे होतात काय ह्याचा शोध करी. युरोपातील इतर बहुतेक शहरांत स्त्रियांस विद्यापीठाचा उंबरठाही ओलांडता येत नव्हता, त्या काळची ही गोष्ट आहे. अशा शहरात विजेची गोडी गॅल्व्हानीस लागली ह्यात नवल नाही.

प्रथम त्याने पक्ष्यांचे मूत्रपिंड व कान ह्यांवर निबंध लिहिले. १७७२ साली तो तेथील विज्ञानपरिषदेचा अध्यक्ष झाला आणि १७८२ साली प्रसूतिशास्त्राची अध्यापकी त्याजकडे आली. तो वक्ता म्हणून गाजलेला नव्हता. त्याची व्याख्याने साधी, पण प्रयोग दाखवून समजावून दिलेली असत.

आता ज्या प्रश्नाने त्यास पछाडले तो प्रश्न सांगतो. आपण हात उचलावा असे मनात येते आणि हात उचलला जातो. मेंदूची आज्ञा बोटापर्यंत कोण पोहोचविते? जुने वैद्य म्हणत की मज्जातंतू पोकळ असून त्यांतून एक सूक्ष्म वायुरूप द्रव धावतो. हा द्रव कोणी पाहिला नव्हता. काहींना वाटे की तो द्रव म्हणजे वीजच असावी. ह्यावर मोठा आक्षेप असा होता की, शरीर आतून सर्वत्र ओले असते व ओल्या वस्तूतून वीज वाटेल तिकडे पसरते. मग ती एका बारीक तंतूच्या वाटेनेच जाईल कशी? पाटाला बांध नसेल तर पाणी शेवटच्या वाफ्यापर्यंत पोहोचत नाही, हे आमच्या शेतकऱ्यांच्या मुलांस सांगावयास नको. आक्षेप खरोखरच बिनतोड होता, आणि वाचकांनी तो ध्यानात ठेवावा, कारण पुढे सगळे त्याभोवतीच फिरणार आहे.

त्या काळी वीज निर्माण करण्याचे साधन म्हणजे घर्षणाचे यंत्र, आणि ती साठविण्याचे साधन म्हणजे लायडनची बरणी. ही बरणी काचेची असून तिला आतून व बाहेरून धातूचा पातळ पत्रा चिकटविलेला असे. आतल्या पत्र्यावर एक भार व बाहेरच्यावर त्याच्या विरुद्ध भार, आणि मध्ये वीज न जाऊ देणारी काच, एवढीच तिची युक्ती. काच जितकी पातळ तितका साठा अधिक. १७४६ साली हॉलंडातील लायडन शहरी तिचा बोलबाला झाला म्हणून तिला ते नाव पडले.

गॅल्व्हानीच्या नोंदवहीत ता. २६ जानेवारी १७८१ ची एक नोंद आहे. मारलेल्या बेडकाचे मागचे पाय कण्यातून निघणाऱ्या मज्जातंतूंसह वेगळे करून मेजावर ठेविले होते. जवळच, परंतु न जोडलेले असे, घर्षणयंत्र होते. एका सहायकाने चाकूचे टोक मज्जातंतूस लाविले आणि त्याच क्षणी दुसऱ्याने यंत्रातून ठिणगी काढली. बेडकाचे मेलेले पाय ताडकन झाडले गेले. ठिणगी आणि आचका ह्यांचा मेळ प्रथम लुचियाच्या ध्यानात आला असे पुष्कळ जण सांगतात. तिच्या पथ्यासाठी बेडकांचा रस्सा चालला होता व त्यातून हा शोध लागला, अशी एक गोष्टही जुन्या पुस्तकांत आढळते. परंतु ती आम्हांस भाकडकथा वाटते. वहीत वर्षानुवर्षांच्या प्रयोगांची जी शिस्तवार टिपणे आहेत ती पाहता हा रस्सा करणाराचा योगायोग नव्हता.

इतर कोणी असता तर आठ दिवसांत जाहीर करून मोकळा झाला असता. गॅल्व्हानीने दहा वर्षे घेतली. ठिणगी लांब नेली, जवळ आणली. चाकूची मूठ हाडाची असता काय होते व लोखंडी पात्यास बोट लागले असता काय होते, हे तपासले. मग त्यास वाटले, यंत्राच्या ठिणगीने जे होते ते आकाशातील विजेने होईल काय? घराच्या उंच भागावर तार ताणून, पावसाळी ढग आले असता त्याने बेडकाचे पाय तिला जोडिले. वीज चमकली की पाय उडत. १७८६ च्या सप्टेंबरात आकाश निरभ्र असताना त्याने पितळी आकड्यांस अडकविलेले पाय बागेच्या लोखंडी कठड्यास टांगून ठेविले. पुष्कळ वेळ वाट पाहिली, काहीच घडेना. कंटाळून त्याने आकडे हाताने कठड्यावर दाबले, तो काय, पाय आचके देऊ लागले! आकाशात ढगाचा टिपूसही नव्हता. घरात येऊन लोखंडाच्या ताटलीवर तोच प्रयोग केला, तरी तेच. ना यंत्र, ना मेघ; मग ही वीज आली कोठून?

गॅल्व्हानीने उत्तर दिले की ती बेडकातच होती. मेंदू रक्तापासून वीज तयार करितो, ती मज्जातंतूंतून स्नायूत येते, आणि स्नायूचा प्रत्येक धागा ही जणू एक लहानशी लायडनची बरणी असून तिच्या आत व बाहेर विरुद्ध भार असतात. धातूचा तुकडा दोहोंस जोडला की बरणी रिती होते व स्नायू आखडतो. आणि वर सांगितलेल्या त्या बिनतोड आक्षेपाचे काय? त्याचेही उत्तर त्याने काढिले. मज्जातंतूच्या अंतर्भागातून वीज वाहते, आणि त्याभोवती तेलकट पदार्थाचे वेष्टण असते, त्यामुळे ती बाहेरच्या ओलाव्यात सांडत नाही, असे त्याने प्रतिपादन केले. पाटाला बांध आहे, आणि तो बांध तेलाचा आहे! सूक्ष्मदर्शकातून त्याला हा बांध दिसणे शक्य नव्हते. हा केवळ तर्क होता. परंतु आमच्या मते गॅल्व्हानीच्या साऱ्या लिखाणात ह्याहून मोलाचा तर्क नाही.

हे सर्व त्याने लॅटिन भाषेत लिहून १७९१ साली बोलोन्याच्या परिषदेच्या ग्रंथमालेत प्रसिद्ध केले. ज्या मदतनिसाने ह्या कामात दीर्घ सहवासात साथ दिली ती लुचिया मात्र ग्रंथ छापून होण्यापूर्वीच निवर्तली होती. गॅल्व्हानीने पुन्हा लग्न केले नाही.

ग्रंथाने युरोपभर खळबळ उडविली. जेथे जेथे बेडूक मिळत तेथे तेथे प्रयोग सुरू झाले. त्या वर्षी युरोपातील डबक्यांवर मोठा अनर्थ ओढवला असला पाहिजे. पाव्हीया येथील पदार्थविज्ञानाचे प्रोफेसर अलेस्सांद्रो व्होल्टा ह्यांनी प्रथम मोकळ्या मनाने वाहवा केली. परंतु ते स्वतः प्रयोग करू लागले तसतशी त्यांना शंका येऊ लागली. त्यांनी दाखविले की पितळ व लोखंड असे दोन भिन्न धातू घेतले तरच आचका जोराचा येतो. एकच धातू असला तर क्वचित. तेव्हा वीज धातूंच्या संयोगातून उत्पन्न होते, आणि बेडकाचा पाय हे केवळ ती वीज दाखविणारे नाजूक यंत्र आहे, असा त्यांनी निकाल दिला. व्होल्टा हे नामांकित, वादपटु व पत्रव्यवहारात दांडगे. गॅल्व्हानी भिडस्त. विद्वानांचे पारडे हळूहळू व्होल्टाकडे झुकले.

गॅल्व्हानी वाद घालावयास पुढे आला नाही. त्याने पुन्हा चाकू हाती घेतला. १७९४ साली एक पुस्तक निनावी निघाले, त्यात धातूचा तुकडाही न लाविता बेडकाचा मज्जातंतू त्याच्याच स्नायूवर टेकविला तरी पाय आखडतो हे दाखविले होते. लेखकाचे नाव नसले तरी ते काम गॅल्व्हानीचे होय. ह्या वादात त्याचा भाचा जोव्हान्नी आल्दीनी हा मामाच्या बाजूने मोठ्या आवेशाने लढला. पुढे १८०३ साली लंडनात फाशी दिलेल्या एका कैद्याच्या प्रेतास विजेचे धक्के देऊन त्याने जे अघोरी प्रदर्शन केले ते आल्दीनीचे, मामाचे नव्हे, हे येथे सांगून ठेवितो. कारण गॅल्व्हानीच्या नावावर ते अनेक ठिकाणी खपविलेले आढळते.

व्होल्टांनी त्यावरही तोड काढिली की भिन्न जातीचे ओले पदार्थ एकमेकांस लागले तरी वीज उत्पन्न होऊ शकेल, आणि मज्जातंतू व स्नायू हे भिन्न पदार्थच होत. तेव्हा वयाची साठी आलेल्या गॅल्व्हानीने असा प्रयोग रचिला की ज्यात भिन्न पदार्थ उरूच नये. दोन पाय घेतले, दोहोंचे मज्जातंतू लोंबते ठेविले, आणि एका पायाचा मज्जातंतू दुसऱ्याच्या मज्जातंतूवर असा टाकिला की त्याचा स्पर्श दोन जागी व्हावा, एक जागा धड आणि दुसरी कापलेली. मज्जातंतूस मज्जातंतूच लागलेला, धातू नाही, स्नायू नाही. पाय आखडला. १७९७ साली पाव्हीयाचेच विद्वान धर्मगुरू स्पालांत्सानी ह्यांस लिहिलेल्या पत्रांच्या रूपाने त्याने हे प्रसिद्ध केले. त्यापूर्वी ऍड्रियाटिक समुद्राच्या काठी जाऊन विजेचा धक्का देणाऱ्या टॉर्पेडो नावाच्या माशाचीही त्याने परीक्षा केली होती. प्राण्यांच्या विजेचा हा पुरावा भक्कम होता. पण ऐकून घेण्यास फारसे कोणी उरले नव्हते.

ह्या शेवटच्या प्रयोगात धड जागा व कापलेली जागा ह्यांत भेद का पडावा? चरित्राचा धागा क्षणभर बाजूस ठेवून आम्ही हे सांगतो, कारण ह्यातच सगळे मर्म आहे.

प्राण्याचे शरीर सूक्ष्म पेशींचे बनलेले असते आणि प्रत्येक पेशीभोवती एक अतिशय पातळ पटल असते. बर्लिनच्या प्रयोगशाळेत शिकलेला बर्नस्टाइन ह्याने १९०२ साली असे मांडिले की जिवंत पेशीच्या आत बाहेरच्या मानाने ऋण भार असतो, आणि हा भेद ह्या पटलामुळे टिकतो. मज्जातंतू कापला की पटल फाटते व आतला ऋणपणा उघडा पडतो. म्हणून धड जागा व कापलेली जागा ह्यांच्यात विजेचा भेद राहतो, आणि तेवढ्याने दुसरा मज्जातंतू चेतविला जातो. गॅल्व्हानीच्या बेडकाने हेच सांगितले होते.

हे पटल कशाचे आहे, ह्याचा शोध १९२५ साली हॉलंडात त्याच लायडन शहरी लागला. खोर्टर नावाचे बालरोगांचे प्रोफेसर व त्यांचे सहकारी ग्रेंडेल ह्यांनी रक्तातील तांबड्या पेशींचे स्निग्ध द्रव्य काढून ते पाण्यावर पसरविले. आमटीवर तेलाचा तवंग पसरतो तसा त्याचा तवंग झाला, एकाच रेणूइतका जाड. त्याचे क्षेत्रफळ पेशींच्या पृष्ठभागाच्या सुमारे दुप्पट भरले. अर्थात पेशीभोवती असा तवंग दुहेरी असला पाहिजे. गंमत अशी की त्यांच्या मोजणीत दोन चुका होत्या, द्रव्य पुरते निघाले नव्हते आणि पेशींचे क्षेत्रफळही कमी धरले होते. दोन्ही चुका एकमेकींनी खोडल्या व उत्तर बरोबर आले. आमच्या विद्यार्थ्यांनी मात्र परीक्षेत ह्या युक्तीवर भरवसा ठेवू नये.

ह्या स्निग्ध द्रव्यांस फॉस्फोलिपिड म्हणतात. अंड्याच्या बलकातील लेसिथिन हे त्यांतलेच. त्याच्या रेणूस एक डोके व दोन लांब शेपट्या असतात अशी कल्पना करावी. शेपट्या तेलाच्या जातीच्या, पाण्याचा तिटकारा असलेल्या. डोक्यात फॉस्फरसयुक्त अंश असून त्यावर ऋण भार असतो, आणि त्यास पाणी प्रिय. असे असंख्य रेणू पाण्यात पडले की शेपट्या आतल्या बाजूस एकमेकींच्या आश्रयास जातात व डोकी दोन्ही अंगांनी पाण्याकडे वळतात. दुहेरी पटल आपोआप तयार होते. त्याची जाडी सुमारे ५ नॅनोमीटर. अशी वीस हजार पटले एकावर एक रचिली तर वहीच्या एका कागदाइतकी जाडी होईल. मधला तेलकट थर वीज जाऊ देत नाही. काच, आणि तिच्या दोन्ही अंगांस विरुद्ध भार: लायडनची बरणी ती हीच, फक्त कल्पनेपलीकडे पातळ. आतबाहेरचा भेद सुमारे ७० मिलिव्होल्ट, म्हणजे टॉर्चमधील सेलच्या विसाव्या हिश्शाइतकाच. परंतु पटल इतके पातळ की हिशेब केला तर दर सेंटिमीटरास १ लाख ४० हजार व्होल्ट पडतात. हवेत एवढा ताण सहन होत नाही, सुमारे ३० हजारांवरच ठिणगी उडते.

येथे एक घोटाळा होण्याचा संभव आहे, तो दूर करितो. हे ७० मिलिव्होल्ट फॉस्फोलिपिडांच्या डोक्यांवरील भारामुळे येत नाहीत. पेशीच्या आत पोटॅशियमचे धनभारित कण बाहेरच्या तीसपटींहून अधिक दाट असतात व ते पटलातील बारीक दारांतून थोडे थोडे बाहेर झिरपतात. त्यांनी मागे ठेविलेली उणीव हाच आतला ऋणपणा. आज्ञा निघाली की सोडियमची दारे उघडतात, क्षणभर उलट घडते, आणि ही लाट मज्जातंतूच्या लांबीभर धावत जाते. हॉजकिन व हक्सले ह्या इंग्रज शास्त्रज्ञांनी १९५२ साली हे गणितासह सिद्ध केले. वीज मेंदूत तयार होऊन नळातून वाहत येते हा गॅल्व्हानीचा समज चुकीचा होता. ती जागच्या जागी, प्रत्येक पटलावर असते.

डोक्यांवरील भाराचे काम निराळे, पण तेही थोडके नव्हे. लेसिथिनच्या डोक्यात ऋण फॉस्फेटाबरोबर एक धन अंशही असतो, म्हणून जमाखर्च बरोबरीचा होतो. फॉस्फॅटिडिलसेरीन नावाच्या भावंडाच्या डोक्यावर मात्र एक ऋण भार शिल्लक उरतो. निरोगी पेशी हे दुसरे रेणू पटलाच्या आतल्या पदरातच ठेविते; बाहेर निसटलेल्यास शक्ती खर्चून पुन्हा आत ओढणारी प्रथिने तिजपाशी असतात. आतल्या ह्या ऋण पृष्ठाकडे धनभारित प्रथिने व कण गुळाभोवती मुंगळे जमावे तसे ओढले जातात. पेशी मरणोन्मुख झाली की हा बंदोबस्त ढासळतो, ऋण डोकी बाहेर दिसू लागतात, आणि भक्षक पेशी ती खूण ओळखून तिला गिळून टाकितात. बोट कापले असता रक्तातील चपट्या कणिका हेच ऋण पृष्ठ मुद्दाम बाहेर करितात व त्यावर, कॅल्शियमच्या मध्यस्थीने, रक्त गोठविणारी द्रव्ये येऊन बसतात. रक्तातील कॅल्शियम फार घटले तर हातापायांस वांब येतात, त्याचेही एक कारण पटलाच्या बाहेरील ऋण भारांस झाकणारे धन कण कमी पडतात हे होय.

बेडकाचीही एक हकीकत येथेच सांगावी. १९८७ साली अमेरिकेत मायकेल झासलॉफ ह्यांनी पाहिले की शस्त्रक्रिया केलेले आफ्रिकी बेडूक जंतूंनी भरलेल्या पाण्यात सोडिले तरी त्यांच्या जखमा चिघळत नाहीत. त्यांच्या कातडीत धनभारित लहान प्रथिने सापडली. जंतूंच्या पटलाचे बाहेरचे अंग ऋण असते, म्हणून ही प्रथिने त्यास जाऊन चिकटतात व ते फोडितात; आपल्या पेशींचे बाहेरचे अंग बहुतांशी समतोल, म्हणून त्या वाचतात.

आता पुन्हा बोलोन्याकडे वळू. १७९६ साली नेपोलियनच्या फौजा शहरात शिरल्या, पोपांची सत्ता गेली, आणि पुढल्या वर्षी सिसाल्पाईन प्रजासत्ताक म्हणून नवे राज्य स्थापन झाले. त्याने सर्व सरकारी नोकरांस व अध्यापकांस राजनिष्ठेची शपथ घेण्याचा हुकूम सोडिला. पुष्कळांनी ती घेतली. त्यांत भले लोकही होते. मुलाबाळांचे पोट भरावयाचे असते, आणि चार शब्द उच्चारल्याने काय बिघडते असे म्हणणारास अगदीच दोषी कसे म्हणावे? गॅल्व्हानीने शपथ घेतली नाही. ती आपल्या धर्मबुद्धीस पटत नाही एवढेच त्याचे म्हणणे. आमचा पंथ त्याच्याहून निराळा आहे, आणि पोपांचे राज्य गेले म्हणून आम्ही अश्रू ढाळणार नाही. परंतु जो शब्द खरा वाटत नाही तो जिभेवर येऊ न देण्याची ही हट्टी सवय व धातूचा शेवटचा कण वगळेपर्यंत प्रयोगावर समाधान न मानण्याची सवय, ह्या दोन्ही एकाच माणसाच्या आहेत हे आम्हांस उघड दिसते.

१७९८ च्या एप्रिलात त्यास सर्व जागांवरून दूर करण्यात आले. पगार बंद झाला, अध्यापकी गेली. तो भावाच्या घरी जाऊन राहिला. प्रकृती ढासळत चालली होती. मित्रांनी खटपट केली, आणि इतक्या थोर विद्वानास शपथेवाचून परत घ्यावे असे सरकारच्याही मनाने घेतले. परंतु तो हुकूम अमलात येण्यापूर्वीच ता. ४ डिसेंबर १७९८ रोजी गॅल्व्हानीचा अंत झाला. तो एकसष्ट वर्षांचा होता.

पंधरा महिन्यांनी, मार्च १८०० मध्ये, व्होल्टांनी आपल्या विजेच्या चळतीचे वर्णन लंडनच्या रॉयल सोसायटीस पाठविले. जस्त व चांदी ह्यांच्या चकत्या आणि मध्ये खाऱ्या पाण्यात भिजविलेला पुठ्ठा, अशा थरांतून अखंड प्रवाह निघू लागला. बेडकाच्या पायांवरचा वाद नसता तर ही चळत निर्माण झाली नसती. नेपोलियनने १८०१ साली पॅरिसात व्होल्टांचा सत्कार केला व पुढे त्यांस काउंट ही पदवी दिली. धातूंविषयी व्होल्टा बरोबर होते, आणि पितळी आकड्यांच्या प्रयोगाचा त्यांचाच अर्थ खरा; मज्जातंतूवर मज्जातंतू टाकिलेल्या प्रयोगाचा मात्र गॅल्व्हानीचा. प्राण्यांतील वीज यंत्राने मोजून दाखवावयास १८२७ साल उजाडले. ते काम नोबिली ह्या इटालियनानेच केले.

१८७९ साली बोलोन्यात गॅल्व्हानीचा संगमरवरी पुतळा उभारण्यात आला. हातातील फळीवर बेडूक ठेविलेला असून तो त्याकडे खाली पाहत आहे. त्याचा देह मात्र शहरातील कॉर्पुस डोमिनी नावाच्या चर्चमध्ये आहे. फ्रान्सिसच्या संघाचा साधा झगा घालून त्यास तेथे, लुचियाच्या शेजारी, पुरण्यात आले.